अण्णांचे मास्क

अण्णांकडून मास्क हवा असेल तर आधी मिशी काढावी लागे. ही अट त्यांनी कुणासाठीच सैल केली नाही. आमच्या कारखान्यात त्या काळी मिशी नसलेला पुरुष शोधावा लागायचा. अण्णा स्वतः पहिल्यांदा ओठ सफाचट करून कामावर आले, तेव्हा खात्यातले चौघे गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या टेबलापाशी गेले आणि घरात कोण गेलं म्हणून विचारू लागले. कोणी गेलं नाही, केसांमधून हवा गळते, एवढंच सांगून अण्णा कामाला लागले. ही हकीकत मी बंगळूरला येण्याआधीची, पण पहिल्याच आठवड्यात मला ती तिघांनी तीन भाषांत ऐकवली.

मी पुण्याहून आलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. वय चोवीस, सरकारी कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर, मल्लेश्वरममध्ये एका घराच्या मागच्या अंगाला भाड्याची खोली, आणि मालगाडीनं मागवून घेतलेली माझी टू-स्ट्रोक मोटरसायकल. पुण्यात मी मातीतल्या शर्यतींत तीन-चारदा उतरलो होतो. एकदा तिसरा आलो होतो, आणि त्या तिसऱ्या नंबरानं माझं डोकं चांगलंच फिरवलं होतं. बंगळूरला अशा शर्यती होतात आणि आपल्याच खात्यातला एक पंचेचाळिशीचा माणूस त्यांत भाग घेतो, हे कळलं तेव्हा मी दुपारच्या सुट्टीत त्यांना शोधत गेलो.

अण्णा गाळण्या तपासायच्या विभागात होते. इंजिनात जाणारी हवा ज्या गाळणीतून जाते, तिच्यावर मोजून धूळ फुंकायची आणि किती अडली, किती आत गेली हे पाहायचं, हे त्यांचं काम. बारीक अंगाचा, सावळा, छाती थोडी आत गेलेला माणूस. घराणं मूळ साताऱ्याकडचं, पण तीन पिढ्या चामराजपेटेत गेल्यानं त्यांच्या मराठीत कन्नड चांगलंच मुरलं होतं. सगळं खातं त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला कायम 'पुणेकर' म्हणत.

शर्यतीत तोंडाला काय बांधतोस, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. रुमाल, असं मी सांगितलं. त्यांनी हातातली गाळणी माझ्यासमोर धरली.

"गाडीला ही देता, आणि गाडीवर बसणाऱ्याला रुमाल?"

हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवायचे. इतर स्वार हसायचे. अण्णांचे मास्क मात्र हसण्यासारखे नव्हते. बाहेरून मलमल, मध्ये गाळणीच्या कापडाचे दोन थर, आतून मऊ फ्लॅनेल, नाकावर दाबून बसवायची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि हनुवटीपाशी सायकलच्या ट्यूबचा एक छोटा पडदा. श्वास सोडला की तो उघडायचा, घेतला की मिटायचा. शिवणकाम त्यांच्या पत्नीचं, अक्कांचं. दर सोमवारी अण्णा रविवारच्या शर्यतीतला मास्क कारखान्याच्या नाजूक तराजूवर ठेवून किती धूळ अडली ते पाहायचे आणि जो समोर असेल त्याला सांगायचे, एवढी माती काल तुझ्या छातीत गेली.

मास्क चेहऱ्यावर नीट बसला की नाही याची परीक्षा चामराजपेटेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायची. मी मिशी काढली त्याच रविवारी सकाळी गेलो. अण्णांनी मला पाटावर बसवलं, मास्क चढवला, खिडकी लावली. मग तापलेल्या लोखंडी तव्यावर मूठभर गुंटूर मिरच्या टाकल्या आणि दार ओढून घेऊन स्वतःही मास्क लावून माझ्यासमोर बसले, हातात घड्याळ. आधी काही नाही. मग डोळ्यांतून पाणी. मग नाकाच्या डाव्या बाजूनं जणू सुई आत शिरली आणि मी खोकत खोकत दार उघडून बाहेर पळालो. अक्का पदर नाकाशी धरून बाहेर उभ्याच होत्या. त्यांनी ताकाचा पेला पुढे केला. आतून अण्णांनी बोटानं मला परत बोलावलं. मास्क तोंडावर असताना ते एक शब्द बोलत नसत. बोललं की जबडा हलतो आणि कड सुटते, म्हणून सगळं खुणांनी. त्यांनी माझी पट्टी दाबली, नाडी आवळली, नव्या मिरच्या टाकल्या. तिसऱ्या खेपेला मी पुरी तीन मिनिटं धुरात बसलो आणि मला काहीही झालं नाही. समोर तवा काळा पडत होता, शेजारच्या घरांच्या खिडक्या धडाधड बंद होत होत्या, आणि मी शांतपणे श्वास घेत होतो. ते मला अजून आठवतं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर शर्यतीला आम्ही बरोबर जात असू.

शहराबाहेर, होसकोट्याच्या पुढे, लाल मातीच्या पडीक जमिनीवर वेडावाकडा मार्ग आखलेला असे. उंचवटे, खड्डे, आखूड वळणं. पंधरा-वीस गाड्या एकदम सुटायच्या आणि पहिल्या वळणापर्यंत पोचेस्तोवर मागच्यांना पुढे काही दिसेनासं व्हायचं. समोर लाल भिंत उभी. तिच्यात आवाज भरलेले, पण कोण कुठं आहे ते कळायचं नाही. बहुतेक जण डोळे बारीक करून तसेच घुसत. अण्णा घुसत नसत. ते गती कमी करत, कडेनं जात, भिंतीत एखादी फट दिसली की मग पुढे. त्यामुळे त्यांचा नंबर सातव्याच्या वर कधी आला नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटल्याचंही दिसलं नाही. शेवटची फेरी संपवून आले की झाडाखाली बसायचे, हेल्मेट काढायचे, गॉगल काढायचे, आणि सगळ्यात शेवटी मास्क. कपाळ, गाल, मान सगळं विटेच्या रंगाचं, आणि नाकातोंडाभोवती तेवढा स्वच्छ, ओला, माणसाच्या कातडीचा भाग. काही वेळ नुसता श्वास घेत बसायचे. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. मला वाटायचं, ही त्यांची एक लकब.

त्या वर्षी नोव्हेंबरनंतर पाऊस नव्हता. मार्चमधल्या शर्यतीला जमिनीवर पाऊल टाकलं तरी धूळ उठत होती. जयनगरच्या एका टायरवाल्याची स्वतःची टीम होती. चांगल्या गाड्या, सोबत मेकॅनिक. पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या मोसमात आमची गाडी तुझी, असं त्यानं मला सकाळीच सांगितलं होतं. मी ते अण्णांना सांगितलं. ते माझ्या मास्कची नाडी तपासत होते.

"आज स्वल्प जड जाईल," ते म्हणाले. "घामानं भिजला की श्वास ओढायला जोर लागतो. माणूस घाबरतो, आणि घाबरला की पहिला हात मास्ककडे जातो. तेव्हाच काढायचा नाही. श्वास येतोय ना, तेवढं बघायचं."

पहिल्या फेरीअखेर मी पाचवा होतो, दुसऱ्या फेरीअखेर चौथा. पुढे एक लाल गाडी, तिसऱ्या नंबरावर, पंधरा-वीस हातांवर. ती गाडी मला दिसत नव्हती, तिची धूळ दिसत होती. मास्क भिजून गालांना चिकटला होता. प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागत होता, पण येत होता. हे मी आज स्पष्ट लिहितो, कारण तेव्हा मी ते बोललो नाही. श्वास येत होता. मला तो जास्त हवा होता. तिसऱ्या फेरीत सरळ पट्टा आला तेव्हा मी डाव्या हाताचा अंगठा घालून मास्क हनुवटीखाली ओढला.

पहिले दोन-तीन श्वास थंडगार. मी लाल गाडीच्या मागच्या चाकापर्यंत पोचलो. चौथ्या फेरीत मोठा उंचवटा चढताना तिच्या चाकानं फेकलेली माती सरळ माझ्या घशात गेली आणि खोकल्याची उबळ आली. गाडी हवेत, डोळे मिटलेले, छाती आवळलेली. पलीकडे टेकलो ते पुढचं चाक एका खोल घळीत गेलं आणि मी गाडीसकट आडवा झालो.

उंचवट्याच्या पलीकडच्या खळग्यात मी पडलो होतो. डावा पाय गाडीखाली. गाडी हलवायचा प्रयत्न केला तर घोट्यातून अशी कळ आली की पुन्हा केला नाही. खोकला थांबत नव्हता, म्हणून मी मास्क वर ओढून घेतला आणि त्यातून श्वास घेत राहिलो. त्या उंचवट्यावर निशाणवाला कोणी ठेवलेला नव्हता. वरून उडून येणाऱ्याला खाली काय आहे ते टेकेपर्यंत दिसणार नव्हतं. पहिली गाडी माझ्या डोक्यापासून दोन हातांवर टेकली आणि निघून गेली. तिनं उडवलेली धूळ माझ्यावर बसली आणि मीही मातीच्याच रंगाचा झालो. दुसरीचा आवाज चढ चढताना ऐकू आला. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले.

ती उजव्या कडेनं गेली. तिच्या मागची डाव्या कडेनं. मग मी वर पाहिलं. उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर, धुळीत, अण्णा उभे होते. मी पलीकडे निघालेला दिसलो नाही म्हणून ते गाडी कडेला टाकून धावत वर आले होते. माझ्याकडे पाठ, तोंडावर मास्क, दोन्ही हात वर. येणाऱ्यानं मला चुकवायचं तर आधी त्यांना चुकवावं लागेल, अशा जागी ते उभे होते. आणखी दोन गेल्या. मी त्यांना हाक मारत होतो, ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मग मागच्यांना फेरीभर मागे टाकत सगळ्यांच्या पुढचा स्वार आला. तो इतरांपेक्षा खूप वेगात होता. त्यानं शेवटच्या क्षणी गाडी वळवली, पण त्याचं हँडल अण्णांच्या उजव्या खांद्यावर बसलं. तो पलीकडे जाऊन पडला, अण्णा अलीकडे. मी त्यांचं नाव घेऊन ओरडलो. ते गुडघ्यांवर आले, उठले, आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभे राहिले. आता एकच हात वर होता. दुसरा लोंबत होता. शर्यत थांबवून माणसं पळत येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मला घोट्याला मार, हाड शाबूत. सगळ्यांच्या पुढे असलेल्या त्या स्वाराला खरचटलं होतं, पण त्याची शर्यत गेली होती, आणि त्याचे लोक संतापले होते.

चार दिवसांनी आयोजकांनी जे. सी. रोडवर सुट्या भागांच्या एका दुकानावरच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. अण्णा हात गळ्यात बांधून आले होते. मी त्यांच्या समोर. भिंतीपाशी खुर्ची टाकून जयनगरचा टायरवाला. सगळी बोलणी निम्मी इंग्रजीत, निम्मी कन्नडमध्ये चालली होती. निशाण नसताना मार्गावर उभं राहणं नियमाबाहेर आहे, असं अध्यक्षांचं म्हणणं. उभे राहिलात ते राहिलात, तोंडावरचं काढून ओरडला का नाहीत, असं कोणी तरी विचारलं. अण्णांनी सांगितलं की वीस इंजिनांत आणि हेल्मेटच्या आत कोणाला काही ऐकू येत नाही, दिसतं तेवढंच. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. पडलास कसा?

उत्तर मला येत होतं. पण टायरवाला माझ्याकडे पाहत होता. हावरेपणानं मास्क ओढला आणि खोकून गाडी पाडली, हे त्याच्यासमोर बोलायला माझी जीभ वळेना. माणसं पोचली तेव्हा मास्क माझ्या तोंडावरच होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, मास्कमुळे श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली.

खोलीत एकदम बोलणं सुरू झालं. आम्ही आधीच म्हणत होतो, असं दोघा-तिघांनी म्हटलं. अण्णा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी डाव्या हातानं खिशातून कागद काढला आणि विचारलं,

"किती वेळ कोंडला होता?"

"एक फेरी तरी," मी म्हणालो.

त्यांनी ते डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून घेतलं.

घरी शिवलेल्या मास्कांना त्या दिवसापासून बंदी झाली आणि अण्णांना शर्यतीतून एक वर्ष बाहेर ठेवण्यात आलं. जिना उतरताना टायरवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पाय बरा झाला की ये म्हणाला.

अण्णा आजारपणाच्या रजेवर गेले. मी त्यांच्या घरी गेलो नाही. घोट्याचं कारण होतं, आणि ते मी पुरवून पुरवून वापरलं. तीन आठवड्यांनी एका शनिवारी खात्यातल्या फोनवर अक्कांचा आवाज आला. अक्का फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पुणेकर, आज येऊन जा. ते कुणाचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

दुपारी चामराजपेटेत पोचलो तर अक्का दारातच होत्या. हातात घड्याळ, डोळे सुजलेले. त्यांच्या मागे गच्चीवर जाणारा दगडी जिना. त्या जिन्यावरून अण्णा खाली येत होते. खांदा पट्ट्यांनी बांधलेला, अंगावर बनियन, तोंडावर मास्क. शेवटच्या पायरीपर्यंत आले, वळले, आणि पुन्हा चढू लागले. मास्क लाल चिखलानं माखलेला होता. मग मी तो ओळखला. तो माझा होता.

अक्कांनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ हेच. मास्क मिठाच्या पाण्यात भिजवायचा, त्यावर शर्यतीच्या जागेवरची माती दाबून बसवायची आणि वीस मिनिटं जिना चढायचा-उतरायचा. कुठं श्वास कोंडतो ते शोधायचं. गेल्या आठवड्यापासून घरातले सगळे मास्क उसवून ठेवले होते. रात्री जेवत नव्हते. आपण पोराला मारलंच होतं, एवढंच म्हणत होते. मग अक्कांनी आवाज खाली आणला आणि मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. अण्णा वयाच्या अठराव्या वर्षापासून नऊ वर्षं ओतकामाच्या खात्यात, वाळूच्या साच्यांवर होते. त्यांचे वडीलही तिथलेच. वाळूची बारीक धूळ बसून वडिलांची छाती निकामी झाली आणि शेवटची दोन वर्षं त्यांनी खिडकीपाशी खुर्चीत बसून काढली. घरात केर काढला तरी त्यांना धाप लागायची. अण्णांच्या छातीच्या फोटोतही तेच डाग निघाले होते. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं.

"मग शर्यतीला का जातात?" मी विचारलं.

"मीही विचारलं," अक्का म्हणाल्या. "म्हणाले, अप्पा धुळीला भिऊन खुर्चीत बसले ते उठले नाहीत. मी भिणार नाही, फक्त तोंड झाकीन."

जिन्यावर अण्णांची पावलं अडखळू लागली होती. एक हात भिंतीवर. पट्टीखालची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ते वळून पुन्हा वर निघाले तेव्हा मी दोन पायऱ्या चढून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"अण्णा, थांबा. पडलो तेव्हा मास्क माझ्या तोंडावर नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्क असल्यानं बोलले नाहीत. हातानं बाजूला हो अशी खूण केली.

"तिसऱ्या फेरीत मी तो खाली ओढला होता. पडल्यावर परत लावला. तिथं मी खोटं बोललो."

ते पायरीवर बसले. मागची नाडी एका हातानं सुटेना, ती अक्कांनी येऊन सोडली. मास्क निघाला तेव्हा ओठ निळसर दिसले. आम्ही दोघं त्यांच्या श्वासाकडे बघत उभे राहिलो.

"श्वास येत नव्हता म्हणून ओढलास?" त्यांनी शेवटी विचारलं.

"येत होता. पुढच्याला गाठायचं होतं."

"म्हणजे मास्क चुकला नाही."

"नाही."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता रागावतील. मी रागाची वाट पाहत होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आली ती सुटका, आणि ती मला सहन झाली नाही. माझं तोंड पाहून अक्का तेवढं म्हणाल्या, "तीन आठवडे, पुणेकर."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "हे त्यांना जाऊन सांग. आज."

मी तसाच जे. सी. रोडवर गेलो. अध्यक्ष खालच्या दुकानात होते. जे घडलं ते मी गिऱ्हाइकांसमोर सांगितलं आणि नंतर त्यांच्या सांगण्यावरून लिहूनही दिलं. मास्कांवरची बंदी पुढच्या बैठकीत उठली. अण्णांची वर्षभराची शिक्षा तशीच राहिली, कारण निशाणाचा नियम त्यांनी मोडलाच होता. पण त्या उंचवट्यावर यापुढे निशाणवाला ठेवायचा, हेही तेव्हाच ठरलं. टायरवाल्याकडून मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

अण्णा कामावर परत आले तेव्हा मी त्यांच्याकडे नवा मास्क मागितला. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

"खोटं बोललास म्हणून नव्हे. ते तू निस्तरलंस. पण तू धुळीत घाबरतोस, आणि तुला ते कळत नाही. तुला तो लोभ वाटतो, पण त्याच्या आधी भीती येते. तू शर्यतीत उतरू नकोस."

मला ते लागलं. आठवडाभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. मग एका रविवारी एकट्यानंच त्या जागेवर गाडी घेऊन गेलो, मोठा उंचवटा चढू लागलो, आणि माझा डावा हात आपोआप हनुवटीकडे गेलेला मला दिसला. तिथं धूळही नव्हती. मी गाडी वळवून घरी आलो. पुन्हा शर्यतीत उतरलो नाही. आयोजकांना निशाणवाले हवे होते, म्हणून त्या उंचवट्याची जागा मी मागून घेतली.

त्यानंतर दोन वर्षं अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलले. कडवटपणा नव्हता. गाळण्यांबद्दल विचारलं तर सगळं समजावून सांगत. पण मी चामराजपेटेत गेलो नाही आणि त्यांनीही कधी ये म्हटलं नाही.

शिक्षेचं वर्ष संपल्यावर ते पुन्हा गाडीवर बसले. आता ते दर फेरीला माझ्यासमोरून जायचे. मी पिवळं निशाण घेऊन माथ्यावर उभा असे. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. माथ्यावर येताना स्वारानं समोर बघायचं असतं. प्रत्येक फेरीला ते खालच्या वळणावर धुळीत शिरायचे आणि मी त्यांच्या बाहेर येण्याची वाट बघायचो. श्वास रोखून धरला आहे हे मला ते बाहेर आल्यावर कळायचं.

शेवटची शर्यत ते एकोणपन्नासाव्या वर्षी धावले. डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. अक्कांनी एका शर्यतीची परवानगी दिली होती आणि ती पाहायला त्या स्वतः आल्या होत्या. पाच फेऱ्या ते वेळेवर आले. सहाव्या फेरीत सगळ्यांच्या मागे पडून धुळीत शिरले आणि बाहेर आले नाहीत. मी मोजायला सुरुवात केली. वीसपर्यंत मोजलं, चाळीसपर्यंत मोजलं. इतर गाड्या अजून येत होत्या, त्यामुळे मला जागा सोडता येत नव्हती. निशाणवाला हलला तर काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. लांब प्रेक्षकांच्या दोरीपाशी अक्का उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. मी तिथंच, निशाण घट्ट धरून.

सत्तरच्या पुढे गेलो तेव्हा धुळीतून एक गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल इतक्या गतीनं बाहेर आली. अण्णा हँडलवर वाकलेले होते. मास्क तोंडावर. चढ चढून माझ्या जवळून गेले, पलीकडे उतरले, आणि उरलेला मार्ग तशाच गतीनं पुरा केला. सगळ्यांत शेवटचे.

शर्यत संपल्यावर मी धावत गेलो. ते झाडाखाली बसले होते, अक्का शेजारी. अर्धा तास ते नुसता श्वास घेत राहिले. मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. ते खात्यातल्या एकाच्या व्हॅनमधून जाणार होते. गाडी घरी कोणी न्यायची, हा प्रश्न होता.

मी गाडीला दिवा आणि आरसे बसवले आणि व्हॅनच्या मागून निघालो. होसकोट्यापासून चामराजपेटेपर्यंत ते मागच्या काचेतून दर दोन मिनिटांनी वळून बघत होते. घरासमोर गाडी लावली, किल्ली अक्कांच्या हातात दिली आणि निघतो म्हणालो. अण्णा नळाखाली तोंड धूत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी आत आवाज दिला,

"अगं, तीन पानं घे."

मी दारात बूट काढले.